सुवासिक भाताचे नवे वाण मार्करच्या मदतीने कसे तयार करावे : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

भाताची उंची, फुटव्यांची संख्या किंवा दाण्याची लांबी खाचराच्या बांधावर उभे राहून डोळ्यांनी पाहता येते. सुवास मात्र हुंगून किंवा दाणा चावूनच ओळखावा लागतो. हुंगणाऱ्याचे नाक काही नमुन्यांनंतर थकते आणि हवामान, जमीन, कापणीची वेळ व साठवण यांनुसार एकाच वाणाचा वास कमी-अधिक होतो. त्याहून मोठी अडचण अशी की सुवासाचे मुख्य जनुक अप्रभावी आहे. सुवासिक आणि बिनवासाच्या भाताचा संकर केला की पहिल्या पिढीचे रोप बिनवासाचेच निघते. त्याच्या पोटात सुवासाचे जनुक दडलेले आहे हे नाकाला कळण्याचा मार्ग नसतो. मार्कर म्हणजे डीएनएवरील ओळखखूण, आणि ती पंधरा-वीस दिवसांच्या रोपाच्या पानाच्या तुकड्यातून वाचता येत असल्याने ही अडचण मुळातच दूर होते.

एक गैरसमज आधीच दूर करणे आवश्यक आहे. मार्करच्या साहाय्याने केलेली निवड म्हणजे जनुकांतरित पीक तयार करणे नव्हे. संकर नेहमीसारखाच परागकणांनी होतो, बाहेरून कोणतेही जनुक प्रयोगशाळेत घुसवले जात नाही. मार्कर फक्त कोणते रोप ठेवायचे आणि कोणते उपटायचे एवढेच सांगतो. पुढील पायऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि लहान बियाणे संस्थांतील तंत्रज्ञांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. उदाहरण म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील (पुसा संस्थेतील) काम घेतले आहे: १९८९ मध्ये प्रसारित झालेल्या ‘पुसा बासमती १’ या वाणात कडा करप्याला (पानांच्या कडा करपवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाला) प्रतिकार करणारी दोन जनुके मार्करच्या आधारे आणून २००७ मध्ये ‘सुधारित पुसा बासमती १’ हे वाण देण्यात आले. भारतात मार्करच्या निवडीतून शेतापर्यंत पोहोचलेल्या अगदी पहिल्या वाणांपैकी ते एक आहे, आणि त्यात शिकण्यासारखी एक अवघड गाठही आहे.

सुवास कोठून येतो

सुवासिक भाताच्या वासात अनेक बाष्पशील पदार्थांचा वाटा असतो, परंतु मुख्य पदार्थ २-असेटाइल-१-पायरोलीन हा आहे. अमेरिकेतील बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो भातात ओळखला. पाण्यात अब्जात ०.१ भाग इतक्या अत्यल्प प्रमाणातही तो नाकाला जाणवतो. साध्या तांदळाला सुवास यावा म्हणून शिजताना रंप्याची पाने टाकतात, त्या पानांतही हाच पदार्थ असतो.

आठव्या गुणसूत्रावरील बीएडीएच२ हे जनुक एक विकर (एन्झाइम) तयार करते. हे विकर काम करत असेल तर गॅमा-अमिनोब्युटिराल्डिहाइड या पदार्थाचे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्लात रूपांतर होते. विकर निकामी झाले तर तो पदार्थ साचतो आणि त्याच्यापासून पायरोलीनमार्गे सुवासाचा रेणू बनतो. थोडक्यात, सुवास हा एका जनुकाच्या बिघाडाचा परिणाम आहे, आणि म्हणूनच तो अप्रभावी आहे: जनुकाची एक जरी चांगली प्रत शिल्लक असली तरी विकर तयार होते आणि वास येत नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की बासमती व जास्मिन गटांतील सुवासिक वाणांत या जनुकाच्या सातव्या एक्सॉनमध्ये (प्रथिनाची माहिती असलेल्या तुकड्यात) आठ बेस (डीएनएच्या साखळीतील अक्षरे) गळालेले असतात आणि तेथेच तीन बेस बदललेले असतात, त्यामुळे प्रथिनाची साखळी अर्ध्यातच तुटते. आपला मुख्य मार्कर हीच आठ बेसची गळती वाचतो.

पालक निवडण्याआधी त्यांची परीक्षा घ्यावी

नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक वेळ येथे वाया जातो, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नये. प्रत्येक सुवासिक वाणात आठ बेसची हीच गळती असते असे नाही. काही वाणांत दुसऱ्या एक्सॉनमध्ये सात बेस गळालेले असतात आणि याच जनुकातील आणखीही बिघाड आढळले आहेत. अशा वाणाला सातव्या एक्सॉनचा मार्कर लावला तर तो बिनवासाचा असल्याचा निकाल देईल, आणि सुवासिक रोपे उपटून टाकण्याची वेळ येईल. म्हणून संकर करण्यापूर्वी दोन्ही पालकांवर मार्कर चालवावा आणि नाकाने मिळालेला निकाल त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तरच तो मार्कर त्या संकरासाठी वापरावा.

नाकाची परीक्षा सोपी आहे. सुमारे दोन ग्रॅम कोवळी पाने बारीक कापून पेट्री बशीत घ्यावीत, त्यांवर १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० मिलिलिटर द्रावण ओतून झाकण लावावे आणि दहा मिनिटांनी झाकण किंचित उचलून हुंगावे. हुंगणारे किमान तीन-चार जण असावेत, नमुन्यांवर वाणांची नावे न लिहिता केवळ आकडे घालावेत आणि प्रत्येक फेरीत एक खात्रीचा सुवासिक व एक खात्रीचा बिनवासाचा नमुना मिसळावा. द्रावण दाहक असल्याने हातमोजे वापरावेत.

याच टप्प्यावर दोन पालकांत फरक दाखवणारे इतर मार्कर शोधून ठेवावेत. बाराही गुणसूत्रांवर विखुरलेले, दोन पालकांत वेगवेगळ्या लांबीचे पट्टे देणारे एसएसआर मार्कर (डीएनएतील छोट्या पुनरावृत्तींवर बेतलेल्या खुणा) पुढे पार्श्वभूमी, म्हणजे हव्या जनुकाबाहेरचा डीएनए कोणत्या पालकाचा आहे हे, तपासण्यासाठी लागतात. आरएम या अक्षरांनी सुरू होणारे भाताचे शेकडो असे मार्कर सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहेत.

संकर

दोन्ही पालक एकाच वेळी निसवावेत यासाठी प्रत्येकाची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत करावी. ज्या वाणाचे गुण राखायचे आहेत ते मादी म्हणून घ्यावे. लोंबी पोटरीतून अर्ध्याहून अधिक बाहेर आली की सायंकाळी वरची फुललेली आणि खालची फार कोवळी फुले कापून टाकावीत, उरलेल्या फुलांच्या तुसाचा वरचा एक तृतीयांश भाग तिरपा छाटावा आणि आतील सहाही परागकोश बारीक चिमट्याने किंवा निर्वात पंपाने काढून लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते बाराच्या सुमारास दाता वाणाच्या, म्हणजे ज्याचे जनुक आणायचे त्या वाणाच्या, लोंब्या उमलतात. त्या पिशवीत धरून हलक्या हाताने हलवाव्यात आणि पिशवी पुन्हा बंद करून तारीख व दोन्ही पालकांची नावे लिहावीत. पंचवीस ते तीस दिवसांनी दाणे तयार होतात. तूस छाटलेले असल्याने हे दाणे उघडे राहतात व त्यांना बुरशी लवकर लागते, म्हणून ते बुरशीनाशक लावून ओल्या कागदावर रुजवावेत आणि मगच मातीत लावावेत.

पानापासून डीएनए

पंधरा ते वीस दिवसांच्या रोपाचे सर्वांत कोवळे पान दोन-तीन सेंटिमीटर इतके घ्यावे. ते द्रव नायट्रोजनमध्ये किंवा मणी फिरवणाऱ्या यंत्रात कुटून सीटॅब (पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या) द्रावणात ६५ अंश सेल्सिअसला अर्धा ते पाऊण तास ठेवावे, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने स्वच्छ करावे, वरचा थर वेगळा काढून थंड आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवावा, ७० टक्के इथेनॉलने धुवावा आणि टीई (डीएनए टिकवणाऱ्या) द्रावणात विरघळवावा. क्लोरोफॉर्मचे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच करावे.

या टप्प्यावर घोटाळा रसायनांत क्वचितच होतो. तो आकड्यांत होतो. रोपाला बांधलेला बिल्ला, पानाची पिशवी आणि डीएनएची नळी या तिन्हींवर एकच क्रमांक असावा आणि प्रत्येक पेटीत एक कोपरा मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे पेटी उलटी ठेवली गेली तर ते लगेच लक्षात येते.

सुवासाचा मार्कर वाचणे

ब्रॅडबरी पद्धतीत एकाच पीसीआर (डीएनएच्या ठराविक भागाच्या असंख्य प्रती काढणारी अभिक्रिया) नळीत चार प्रायमर, म्हणजे कोणत्या भागाच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, टाकले जातात. बाहेरची जोडी प्रत्येक वाणात सुमारे ५८० बेसचा पट्टा देते. अभिक्रिया नीट झाली एवढेच तो सांगतो. आतला एक प्रायमर केवळ बिनवासाच्या जनुकरूपाला चिकटतो आणि त्यामुळे ३५५ बेसचा पट्टा मिळतो. आतला दुसरा केवळ सुवासिक रूपाला चिकटून २५७ बेसचा पट्टा देतो. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या दीड टक्का अगारोज जेलवर हे पट्टे स्पष्ट वेगळे दिसतात. ५८० व २५७ असे दोन पट्टे आले तर रोप सुवासिक समयुग्मजी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सुवासाच्याच आहेत. ५८० व ३५५ आले तर बिनवासाचे समयुग्मजी. आणि तिन्ही पट्टे आले तर ते विषमयुग्मजी आहे, म्हणजे वास नाही पण सुवासाची एक प्रत बाळगून आहे. संकराच्या पहिल्या पिढीत हेच तीन पट्टे दिसले पाहिजेत. त्याऐवजी केवळ मादीचे पट्टे दिसले तर परागकोश काढताना एखादा राहून गेला आणि स्वपरागीकरण झाले, असे समजून ते रोप टाकावे.

केवळ ५८० चा पट्टा आला आणि आतला कोणताच आला नाही, तर त्या नमुन्याचा निकाल लिहू नये. चाचणी पुन्हा करावी. विषमयुग्मजी रोपांत आतले दोन पट्टे एकमेकांशी स्पर्धा करतात आणि डीएनए कमी शुद्ध असेल तर एक पट्टा फिका पडतो, म्हणून फिक्या पट्ट्यांच्या नमुन्यांची यादी करून ते सर्व दुसऱ्यांदा चालवावेत. प्रत्येक जेलवर सुवासिक पालक, बिनवासाचा पालक, दोघांच्या डीएनएचे मिश्रण आणि डीएनएशिवाय केवळ पाणी असे चार खाने राखून ठेवावेत. पाण्याच्या खान्यात पट्टा दिसला तर कुठे तरी मिसळ झाली आहे आणि त्या जेलवरील एकही निकाल विश्वासार्ह नाही.

आठ बेसच्या फरकावर थेट बेतलेले दोन प्रायमरचे मार्करही आहेत. ‘एनकेएसबॅड२’ हा त्यांतला प्रसिद्ध मार्कर सुवासिक रोपात ८२ आणि बिनवासाच्या रोपात ९० बेसचा पट्टा देतो. त्याची अभिक्रिया अधिक सोपी आहे, परंतु आठ बेसचा फरक साध्या जेलवर दिसत नाही. त्यासाठी साडेतीन-चार टक्क्यांचे उच्च विभेदनक्षमतेचे अगारोज किंवा पॉलिॲक्रिलअमाइड जेल लागते. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रयोगशाळेने चार प्रायमरच्या पद्धतीनेच सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण तिच्यात फसलेली अभिक्रिया स्वतःहून उघड होते.

पान आणि दाणा यांत गल्लत होऊ देऊ नये. पानाची चाचणी त्या रोपाबद्दल सांगते, पण त्याच रोपाच्या लोंबीतील दाणे पुढच्या पिढीचे असतात. विषमयुग्मजी रोपाच्या एकाच लोंबीत सुमारे चौथा हिस्सा दाणे सुवासिक आणि बाकीचे बिनवासाचे निघतात, त्यामुळे मूठभर दाणे एकत्र शिजवून रोपाचा निकाल ठरवणे चुकीचे आहे.

पुनःसंकर आणि आठव्या गुणसूत्रावरील गाठ

मूळ वाणाचे सर्व गुण राखून एक-दोन जनुकेच आणायची असतील तर पहिल्या पिढीचा पुन्हा मूळ वाणाशी संकर करावा लागतो. प्रत्येक पुनःसंकरात मूळ वाणाचा वाटा वाढत जातो: सरासरी ७५, ८७.५ आणि ९३.७५ टक्के. येथे संकराची दिशा आधी ओळखावी. बिनवासाच्या वाणात सुवास आणायचा असेल, तर प्रत्येक पिढीत तीन पट्ट्यांची रोपे निवडावी लागतात. मार्कर नसता तर प्रत्येक पुनःसंकरानंतर एक पिढी स्वपरागीकरणात घालवावी लागली असती. उलट सुवासिक वाणात रोगप्रतिकार आणायचा असेल, तर मूळ वाण स्वतःच सुवासिक असल्याने पुनःसंकराच्या पहिल्याच पिढीत निम्मी रोपे सुवासिक समयुग्मजी निघतात आणि एकदा तशी निवडली की सुवासाची चिंता मिटते.

पुसा बासमती १ च्या कामात मात्र हे इतके सरळ नव्हते. दाता वाण आयआरबीबी५५ मध्ये कडा करप्याची दोन जनुके होती: आफ्रिकेतील रानटी भात ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा याच्यापासून आलेले, अकराव्या गुणसूत्रावरील प्रभावी एक्सए२१, आणि आठव्या गुणसूत्रावरील अप्रभावी एक्सए१३. बीएडीएच२ सुद्धा आठव्याच गुणसूत्रावर आहे, दोघांत सुमारे ६० लाख बेसचे अंतर आहे. दाता वाण बिनवासाचे असल्याने त्याच्या गुणसूत्रावर प्रतिकार आणि बिनवासाचे रूप एकत्र बांधलेले असतात, तर मूळ वाणाच्या गुणसूत्रावर सुवास आणि रोगाला बळी पडणारे रूप. हवे ते दोन्ही एकाच गुणसूत्रावर येण्यासाठी त्या दोन जागांच्या दरम्यान गुणसूत्रांची अदलाबदल झालेले रोप शोधावे लागते.

आकडेमोड करून पाहू. समजा दोन जागांमध्ये अदलाबदल होण्याचे प्रमाण वीस टक्के आहे. मग पहिल्या पिढीच्या दर शंभर युग्मकांपैकी (लिंगपेशींपैकी) दहांत सुवास आणि एक्सए१३ एकत्र येतील. त्यांपैकी निम्म्यांत एक्सए२१ ही असेल. म्हणजे पुनःसंकराच्या पिढीत सरासरी वीस रोपांत एक मनासारखे, आणि असे किमान एक रोप मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ५९ रोपे तपासावी लागतील. पाच-दहा दाण्यांच्या संकरावर समाधान मानणाऱ्याला ते रोप सहसा सापडत नाही. संकराचे दाणे किती हवेत हा हिशेब लोंबीला पिशवी लावण्याआधीच करावा. पहिल्या पुनःसंकरात रोप न मिळाल्यास एक्सए१३ असलेली बिनवासाची रोपे पुढे नेऊन दुसऱ्या पिढीत शोध चालू ठेवता येतो.

एक्सए२१ साठी ‘पीटीए२४८’ हा मार्कर जगभर वापरला जातो. एक्सए१३ अप्रभावी असल्याने पुनःसंकराच्या रोपांवर रोग टोचून ते ओळखता येत नाही. त्याच्यासाठी जनुकाच्या नियंत्रक भागावर बेतलेला मार्कर वापरावा.

पार्श्वभूमी

हव्या त्या जनुकांची रोपे निवडून झाली की त्यांच्यातूनच दाता वाणाचे अवशेष सर्वांत कमी असलेले रोप पार्श्वभूमीच्या मार्करनी निवडावे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जनुकांचे मार्कर, मग जनुकाच्या दोन्ही बाजूंचे जवळचे मार्कर आणि शेवटी उरलेल्या थोड्या रोपांवर बाकीची गुणसूत्रे. यामुळे खर्च कितीतरी कमी होतो. जनुकासोबत दाता वाणाचा लांब तुकडा चिकटून आला तर दाण्याचा दर्जा बिघडू शकतो, म्हणून एका पिढीत एका बाजूने आणि पुढच्या पिढीत दुसऱ्या बाजूने तो तुकडा तोडणारे रोप शोधावे.

स्थिर करणे आणि पुन्हा नाकाकडे

दोन किंवा तीन पुनःसंकरांनंतर निवडलेले रोप स्वपरागीकरणाने पुढे न्यावे. सुवास आधीच स्थिर असेल आणि दोन जनुके समयुग्मजी करायची असतील, तर सोळांत एक रोप हवे तसे निघते आणि ४७ रोपे पुरतात. तिसरे जनुक वाढले की चौसष्टांत एक आणि १९१ रोपे लागतात. येथपासून मार्करचे काम कमी होते आणि खाचराचे वाढते. जास्तीत जास्त फुटवे आल्यावर जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानांची टोके कापून रोग टोचावा आणि चौदा दिवसांनी डागाची लांबी मोजावी.

मार्कर सुवासाचे जनुक आहे एवढेच सांगतो, सुवास किती येईल हे सांगत नाही. दाणे भरताना हवा थंड असेल तर सुवासाचा पदार्थ अधिक साचतो, उष्ण हंगामात तो घटतो. पुसा संस्थेची बिगरहंगामी पिढी तमिळनाडूतील अदुथुराई येथील केंद्रात घेतली जाते. अशा उष्ण जागी मार्करची निवड बिनधास्त करावी, पण सुवासाचा निकाल ज्या भागासाठी वाण आहे तेथील मुख्य हंगामातील दाण्यांवरच द्यावा. त्याचबरोबर अमायलोजचे (तांदळातील एका प्रकारच्या स्टार्चचे) प्रमाण, अल्कलीत दाणा विरघळण्याची परीक्षा, शिजण्यापूर्वीची व शिजल्यानंतरची लांबी मोजावी. बासमतीत अमायलोज मध्यम, म्हणजे साधारण २० ते २५ टक्के असावे लागते. शेवटी भात शिजवून, मूळ वाणाच्या भाताशेजारी वाढून, खाणाऱ्यांना न सांगता खायला द्यावा. या ताटाच्या चाचणीत मागे पडणारी ओळ (निवडीतून स्थिर केलेला वंश), तिचे मार्कर कितीही निर्दोष असले तरी, बाद करावी.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी

बासमती या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे आणि त्याच्या क्षेत्रात महाराष्ट्र येत नाही, त्यामुळे येथे पिकवलेल्या भाताला ते नाव लावता येत नाही. आपल्याकडे काम करण्याजोगे स्वतःचे वाण आहेत: मावळ-मुळशीचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ, पूर्व विदर्भातला चिन्नोर. आंबेमोहराची उंची आणि पीक लोळण्याची सवय ही जुनी अडचण आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी हा वाण आंबेमोहर १५७ आणि बुटका आयआर८ यांच्या संकरातूनच झाला. आज तेच काम मार्करने अधिक नेमके करता येते, कारण आयआर८ चे बुटकेपण पहिल्या गुणसूत्रावरील एसडी१ या अप्रभावी जनुकातील ३८३ बेसच्या गळतीमुळे येते आणि एवढा फरक साध्या जेलवरही दिसतो. आंबेमोहर मूळ वाण घेतल्यास पुनःसंकराच्या पहिल्या पिढीत सुवासिक समयुग्मजी आणि बुटकेपणाची एक प्रत बाळगणारी रोपे चौथा हिस्सा मिळतील. ११ रोपे तपासली तरी त्यांतले एक हाती लागण्याची ९५ टक्के खात्री आहे. मात्र आपल्या हातातील आंबेमोहराच्या बियाण्यात कोणता बिघाड आहे, हे आधी मार्करने पडताळावे. शेतकऱ्यांकडून गोळा केलेल्या जुन्या बियाण्यात एकाच नावाखाली वेगवेगळ्या ओळी असू शकतात, म्हणून एका रोपाचे बियाणे वेगळे काढून त्याच्यावरच काम करावे.

नवी ओळ तयार झाल्यावर अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाच्या बहुस्थानी चाचण्या आणि वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा, २००१ नुसार नोंदणी हे पुढचे टप्पे आहेत. ज्या शेतकऱ्याकडून मूळ वाण घेतले त्याची व गावाची नोंद पहिल्या दिवसापासून वहीत ठेवावी, कारण त्याच कायद्यात जतन करणाऱ्यांच्या हक्कांची तरतूद आहे. मूळ बियाणे दरवर्षी वाढवताना प्रत्येक ओळीतील काही रोपांची सुवासाची आणि प्रतिकाराची मार्कर चाचणी पुन्हा करावी, आणि ५८० व २५७ च्या जोडीला ३५५ चा पट्टा एका रोपात जरी दिसला तरी त्या वर्षीचे ते बियाणे पुढे न देता आधीच्या वर्षीच्या राखीव साठ्यातून नव्याने वाढवावे.